पाऊण आण्यातली दिवाळी

लष्करातल्या जुन्या मराठी घरांत माजघराच्या खुंटीला एक तार लोंबत असे. खालचं टोक वळवून बंद केलेलं, वरचं अणकुचीदार. आलेलं पत्र एकाने मोठ्याने वाचायचं, स्वयंपाकघरातून ‘पुन्हा वाच रे ते’ असं आलं की पुन्हा वाचायचं, आणि मग त्या तारेत टोचून द्यायचं. वर्षभरात तार भरत जायची. तळाशी संक्रांतीचं कार्ड, त्यावर गुढीपाडव्याचं, मध्ये कुणाच्या मुंजीचं, कुणाला मुलगा झाल्याचं, मग गणपती, दसरा आणि सगळ्यांत वर दिवाळी. वर्ष संपल्यावर तयार होणारं ते घरचं पंचांगच.

हे लष्कर पुण्यातलं नव्हे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि गावाला नाव पडलं लष्कर. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, छावणीचं मुरार आणि हे लष्कर अशा तीन वस्त्यांचं मिळून आजचं शहर झालं. दक्षिणेतून शिंद्यांबरोबर आलेल्या सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई अशा घरांच्या दुसऱ्या महायुद्धापर्यंत इथे कित्येक पिढ्या झाल्या होत्या. पण मुलीचं स्थळ बघायचं तर नजर पुणे-साताऱ्याकडे, इंदूर-देवास-धारकडे, बडोद्याकडे, झाशी-सागरकडे जायची. त्यामुळे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे नातेवाईक जवळ असे क्वचितच असत. सगळे टपालाच्या अंतरावर.

या प्रकरणात त्या टपालातल्या एकाच प्रकाराबद्दल बोलायचं आहे: सणाची खुशाली. सण झाला की तो कसा झाला हे दूरच्या माणसांना कळवणं. महायुद्ध संपल्यापासून घरोघरी टेलिफोन येईपर्यंतच्या काळात हे काम कार्ड, पाकीट, मनिऑर्डर आणि क्वचित तार यांनी केलं. आणि माझं म्हणणं असं, की खुशालीत काय लिहायचं हे जितकं लिहिणाऱ्याने ठरवलं, तितकंच टपालखात्यानेही ठरवलं.

आधी तिकिटाची गोष्ट. ग्वाल्हेर संस्थानाचं टपाल स्वतंत्र होतं, पण पुरतं स्वतंत्र नव्हतं. १८८५ च्या सुमारास इंग्रज सरकारशी करार करून जी थोडी संस्थानं टपालाच्या बाबतीत जोडली गेली, त्यांत पतियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांच्याबरोबर ग्वाल्हेर होतं. तिकीट हिंदुस्थान सरकारचंच, राणीच्या किंवा राजाच्या मुखवट्याचं. त्यावर वरून ग्वाल्हेरचं नाव छापलेलं, इंग्रजीत आणि देवनागरीत. गंमत अशी की राजा मराठी, दरबार मराठी, पण तिकिटावरच्या देवनागरीत ‘ल्हेर’ नाही, ‘लियर’ आहे. इंग्रजी छाप्यात तर एकदा ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडला. तिकिटं जमवणारे आजही ती चूक शोधत असतात आणि तिला चांगली किंमत देतात.

इतर पुष्कळ संस्थानांची तिकिटं हद्दीबाहेर चालत नसत. करारातल्या संस्थानांचं तसं नव्हतं. लष्करात टाकलेलं पत्र त्याच तिकिटावर पुण्याला जायचं. विलायतेला शिकणाऱ्या मुलाला लिहायचं असेल तर मात्र ते चालत नसे. म्हणजे १९४६ साली लष्करातल्या एका बाईला मुंबईच्या भावाला आणि लंडनच्या मुलाला दिवाळीचं लिहायचं असेल, तर दोन निराळी तिकिटं हवीत. १९४८ च्या मे महिन्यात संस्थान मध्यभारतात सामील झालं, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, तरी ही तिकिटं थांबली नाहीत. १९४९ मध्ये ग्वाल्हेरच्याच आलीजा छापखान्यात त्यांवर नाव छापलं जात होतं. राज्य गेलं, तिकीट राहिलं. १९५० च्या एप्रिलपासून त्यांच्या जागी भारताची तिकिटं आली, १९५१ उजाडताना जुनी बाद झाली, आणि ग्वाल्हेरचं पत्र इतर कुठल्याही गावच्या पत्रासारखं दिसू लागलं.

पण सणासुदीला तिकिटं चिकटवत बसणारी घरं थोडी. खरा कारभार कार्डावर. स्वतंत्र भारताचं त्रिमूर्तीचं कार्ड १९४९ च्या डिसेंबरात आलं, किंमत ९ पै. बारा पैचा आणा, म्हणजे पाऊण आणा. १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली तेव्हा या ९ पैंचे हिशेबाने ४.६९ नवे पैसे होत होते. खात्याने ५ केले. कार्ड महाग झालं म्हणून कुरकूर करायला घराघरातल्या आजोबांना तेवढंही पुरे होतं.

कार्डाची मागची बाजू पूर्ण आणि पुढची डावी अर्धी, एवढ्यात दिवाळी बसवायची. कशी, ते दाखवायला एक नमुना देतो. हा कुणाच्या घरचा नाही, त्या काळच्या वळणाने मीच रचला आहे.

॥ श्री ॥ लष्कर, कार्तिक शु. ३. ती. स्व. काका व ती. सौ. काकूंस शि. सा. न. वि. वि. आपले कार्ड पावले. इकडे दिवाळी यथास्थित पार पडली. पहाटे थंडी फार. उटणे आपल्याकडील आले तेच पुरवले. अनारसे या खेपेस हसले, तांदूळ जुना नव्हता. नारळ दोनच मिळाले, त्यांत करंज्या भागवल्या. चि. सौ. ताईचा दिवाळसण झाला. जावईबापू दोन दिवस होते. बाकी समक्ष. चि. बाळ परीक्षेस बसत आहे. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती. ता. क. पंचांग पाठवण्याचे विसरू नये.

‘तीर्थस्वरूप’चं ‘ती. स्व.’, ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’चं ‘शि. सा. न. वि. वि.’. हा मायना कार्डाहून कितीतरी जुना आहे. कार्डाने त्याला पाय पसरायला जागा ठेवली नाही, म्हणून तो आखडून बसला. ‘ता. क.’ मात्र कधी आखडला नाही. तो समासातून वर चढायचा, कोपऱ्यात वळायचा, ‘श्री’च्या डोक्यावर उलटा लिहिला जायचा. घरातल्या बाईच्या हाती कार्ड सगळ्यांत शेवटी येई, तेव्हा उरलेली जागा तीच असे. जुनी कार्डं पाहताना मी आधी समास वाचतो. मधल्या मजकुरात पुरुषांची खुशाली असते, समासात घरची बातमी.

आता नमुन्यातला मजकूर पुन्हा पाहा. दिवाळीत मजा आली, असं कुठेही नाही. आहे ते उटणं, तांदूळ, नारळ आणि पंचांग. पुण्याहून कुणी इंदूरला लिहिलं असतं तर नारळाचा उल्लेखही झाला नसता. चंबळच्या खोऱ्यात, समुद्रापासून इतक्या लांब, ओला नारळ ही मिळवायची वस्तू होती. दोनच मिळाले आणि त्यांत करंज्या भागवल्या, या वाक्यात तक्रार आहे आणि तिच्यामागे थोडा ताठाही: नारळ नव्हते, तरी करंज्या झाल्या. सणाची खुशाली कळवणं म्हणजे बव्हंशी हेच होतं. परमुलखात राहूनही आम्ही ते तुमच्यासारखंच केलं, याची हजेरी.

ही हजेरी लावायला सगळ्यांत अडचण करायचा तो महिना. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाचं नाव मात्र वेगळं. त्यामुळे लष्करात सावनातले सोमवार बाजारभर सुरू होत तेव्हा मराठी घरात अजून आषाढ असे. शेजाऱ्यांचे शेवटचे सोमवार ते मराठ्यांचे पहिले. गोकुळाष्टमी दोघांची एकाच दिवशी, पण एकाच्या पंचांगात श्रावणात, दुसऱ्याच्या भादव्यात. दिवाळीची अमावास्या इकडे आश्विनाची, तिकडे कार्तिकाची. वर्षाचा आकडाही वेगळा. १९५० च्या दिवाळीत मराठी पत्रावर शके १८७२ असे, शेजारच्या दुकानदाराच्या वहीत संवत २००७.

सणाला यातून काही बिघडत नाही, दिवस एकच असतो. गोंधळ व्हायचा तो तिथीने लिहिलेल्या पत्रात. ‘भाद्रपद वद्य पंचमीस श्राद्ध आहे, यावे’ हे कार्ड लष्करात वाढलेल्या, हिंदी शाळेत शिकलेल्या नातवाने वाचलं आणि शेजारच्या पंडितजींना दिवस विचारला, तर ते बरोबर एक महिना आधीचा दिवस सांगतील. दोघेही चुकलेले नाहीत. म्हणून ते ‘पंचांग पाठवण्याचे विसरू नये’. पुण्या-मुंबईहून बुकपोस्टाने पंचांग यायचं आणि त्यावर घर चालायचं. पुण्यात कुठे टिळक पंचांग पाळणारे नातेवाईक असले की आणखी मौज. अधिक महिना वेगळ्या जागी धरला गेला, की त्यांची दिवाळी एखाद्या वर्षी महिनाभर इकडे-तिकडे, आणि शुभेच्छांचं कार्ड भलत्याच महिन्यात. १९७३ साली जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ निघालं, तेव्हा परप्रांतातल्या मराठी घरांनी ते भिंतीवर का लावलं हे वेगळं सांगायला नको.

कार्डात मजकूर मावतो, वस्तू मावत नाही. आणि आपले सण वस्तूंचे. दसऱ्याचं सोनं, संक्रांतीचा तिळगूळ, भाऊबीजेची ओवाळणी. यांतलं काय, कशातून पाठवायचं?

२ ऑक्टोबर १९५० ला टपालखात्याने इनलँड लेटर आणलं. निळसर कागद, तीन घड्या, कार्डापेक्षा पुष्कळ जागा, पाकिटापेक्षा स्वस्त, आणि मुख्य म्हणजे बंद. पण त्यावरच छापलेलं असे की आत काही घालू नये. हा नियम सणावारी जाचायचा. दसऱ्याला महाराष्ट्रात आपट्याची पानं वाटतात. ग्वाल्हेरात शिंद्यांचं शमीपूजन असतं. कंपू भागाजवळच्या मांढरे मातेच्या टेकडीपाशी महाराज शमीला तलवार लावतात आणि खाली पडलेल्या पानांवर लोक तुटून पडतात. तेच सोनं. ते इनलँडमध्ये घालता येत नाही, कार्डाला चिकटत नाही. त्यासाठी पाकीटच हवं. शमीची पानं नखाएवढी. पोचेपर्यंत ती सुकून चुरा होत, आणि पुण्याच्या घरात पाकीट उघडताच आधी ती हिरवट पूड ताटात झटकून मग पत्र वाचत. तिकडून आपटा येई तो बिचारा घडी पडून का होईना, अख्खा येई.

संक्रांतीला चार दाणे हलवा आणि थोडा तिळगूळ, चित्राच्या छोट्या कार्डाबरोबर. यात खरी कसोटी पोस्टातल्या शिक्क्याची. पाकिटावर शिक्का बसला की आतला हलवा पिचे, गुळाचा डाग कागदावर उमटे. वजन जास्त भरलं आणि तिकीट कमी पडलं, तर पत्र ‘नॉटपेड’ होई आणि घेणाऱ्याला दुप्पट भरून सोडवावं लागे. तिळगूळ घ्यायला दंड भरायचा आणि वर गोड बोलायचं! ग्वाल्हेरहून उलट दिशेने जाई ती गजक. तिळाची, पापुद्र्यांची, मुरैना आणि ग्वाल्हेरची खासियत. ती टपालाने कधीच नीट पोचली नसती, म्हणून ती ‘कुणाबरोबर तरी’ जाई. हे ‘कुणाबरोबर तरी’ हेही एक टपालखातंच होतं, बिनतिकिटाचं. पुण्याला कोण निघालंय याची बातमी गल्लीभर असे आणि त्या माणसाच्या ट्रंकेत स्वतःच्या कपड्यांपेक्षा इतरांचे डबे जास्त. परत येताना तेच डबे चिवडा नाहीतर ओल्या नारळांनी भरून. रिकामा डबा परत करायचा नसतो.

या सगळ्या ने-आणीचा रस्ता एकच, दिल्ली-मुंबई लोहमार्ग. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल ग्वाल्हेरवरून जाते. झाशी, भोपाळ, इटारसी, भुसावळ, मनमाड, कल्याण. मुंबईपर्यंत साधारण बाराशे किलोमीटर. गाडीतल्या टपालाच्या डब्यात रेल्वे मेल सर्व्हिसचे लोक रात्रभर उभ्याने पत्रं निवडत, खणाखणांत टाकत. ज्याला घाई असेल तो थेट स्टेशनात जाऊन, लेट फीचं जादा तिकीट लावून डब्यालाच असलेल्या पेटीत पत्र टाकू शके. वसुबारसेच्या आत शुभेच्छा पोचवायच्या तर एवढी धावाधाव करावी लागे. दिवाळी झाल्यावरच्या खुशालीला घाई नसे. भाऊबीजेला लिहिलं, सुटी संपल्यावर पेटी उघडली, पुढच्या आठवड्यात पोचलं तरी चालायचं. आणि पोस्टमनला दिवाळीची पोस्त द्यायची असायचीच. पोस्टाला पोस्त, असा पोरांचा विनोद.

आता मनिऑर्डर. माझ्या मते टपालखात्याने मराठी सणांना दिलेली सर्वांत सुंदर सोय हीच, आणि ती त्यांनी अजाणता दिली. मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, पैसे पाठवायला. फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती एक कूपनाएवढी जागा. भाऊबीजेला बहीण सासरी, भाऊ बाराशे किलोमीटरवर. ओवाळायला समोर भाऊ नाही, तर ती चंद्राला ओवाळते. ही जुनी रीत. आणि ताटात पडायची ती ओवाळणी पोस्टमन घेऊन येतो. रक्कम पाच रुपये असो की अकरा, कूपनावर दोन ओळी: ‘ओवाळणी पाठवीत आहे, गोड मानून घ्यावी.’ पोस्टमन दारात पैसे मोजून देई, सही घेई, कूपन फाडून हातात ठेवी. पैसे खर्च होत. कूपन देव्हाऱ्याच्या कप्प्यात नाहीतर पोथीत जाई.

आणि सहीचा तो कागद? तो पोचपावती म्हणून भावाकडे परत येई. बहिणीच्या हातची एक सही, काही घरांत नुसता अंगठा. सासरच्या माणसांनी वाचून, पसंत करून मग टाकलेल्या पत्रापेक्षा ही सही जास्त खरी. अक्षर थरथरलं असेल तर आजारी आहे का, अंगठा असेल तर दुसऱ्याच कुणी पैसे घेतले नाहीत ना, असे हिशेब त्या एका इंचाच्या रेघेवरून होत.

कार्ड उघडं असतं, ते पोस्टमनपासून सासूपर्यंत सगळे वाचतात, हे लिहिणारीला पक्कं ठाऊक असे. म्हणून सासरच्या मुलीच्या कार्डात ‘सर्व क्षेम’ हे दोन शब्द सगळ्या मजकुराचा सारांश म्हणून नव्हे, पडदा म्हणून येत. ‘दिवाळी चांगली झाली’ एवढंच लिहिलं असेल तर आई समजायची. ‘दिवाळी चांगली झाली, मी चकल्या केल्या, मामंजींना आवडल्या’ असं असेल तर आई शेजारच्या काकूंना हाक मारून पुन्हा वाचायला लावायची. दिवाळसणाला जावयाला काय दिलं हेही कार्डावर कुणी लिहीत नसे. ते ‘बाकी समक्ष’मध्ये जाई. घड्याळ की अंगठी, ही बातमी बाराशे किलोमीटर तोंडी प्रवास करून पोचायची, आणि प्रवासात अंगठीचं वजन वाढायचं.

तारेचं थोडक्यात. दारात तारवाला दिसला की घरात रडारड आधी आणि तार वाचणं नंतर. या भीतीमुळेच शुभेच्छांच्या तारा वेगळ्या, चित्राच्या रंगीत फॉर्मवर येत. ठरावीक वाक्यांना खात्याने क्रमांक दिलेले होते आणि यादीत दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक १. तारेवरून जायचा तो फक्त आकडा. वाक्य पलीकडचा बाबू उतरवायचा, तेही इंग्रजीत. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने पुण्याच्या मराठी भावाला दिवाळीला इंग्रजीत एक आकडा पाठवायचा, हे फार घरांना पचलं नाही. ते हापिसातल्या साहेबांसाठी. तारसेवाच जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फोटोचंही थोडक्यात: सणाला घरी फोटो काढणं साठीच्या दशकात जरा सोपं झालं. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा खोक्यासारखा कॅमेरा एखाद्या हौशी मामाकडे आला, की गौरीसमोर उभ्या राहिलेल्या सगळ्या बायकांचा एक पुसट फोटो पाकिटातून जायचा. मागे पेन्सिलीने तारीख. नावं कुणीच लिहीत नसे, कारण तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखत.

मग १९५६ आलं. १ नोव्हेंबरला मध्यभारत संपून नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. त्याआधी ग्वाल्हेर ही मध्यभारताची हिवाळी राजधानी होती, उन्हाळी इंदूर. महालेखापालांचं कार्यालय, महसूल मंडळ अशा काही मोठ्या कचेऱ्या ग्वाल्हेरात राहिल्या, पण सचिवालयाबरोबर कित्येक मराठी कारकून आणि अधिकारी भोपाळला हलले. इतके दिवस दूरचे नातेवाईक म्हणजे पुणे-सातारा. आता धाकटा भाऊच दूरचा झाला. वाड्यातला गणपती मोठ्याकडे राहिला, आणि धाकट्याने भोपाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये वेगळा बसवायचा की नाही, यावर घराघरांत पत्रव्यवहार झाला असणार. तशी पत्रं कुणाकडे असतील तर त्यांचं मोल मोठं आहे. राज्य पुनर्रचनेच्या अहवालात ही बाब आलेली नाही.

भाषेचं काय झालं तेही माजघरातल्या त्या पत्रांच्या तारेवर दिसतं. तळाच्या पत्रांत मोडी. शिंद्यांच्या दफ्तरात वाढलेले आजोबा मोडीतच लिहीत, त्यांच्या मुलाला ती वाचता येई, नातवाला नाही. महाराष्ट्रातल्या शाळांमधून मोडी १९५० च्या आसपास गेली, ग्वाल्हेरातल्या नातवाने तर ती पाहिलीच नव्हती. त्याच्या पत्रात बाळबोध अक्षर आणि मध्येच ‘मालूम’, ‘मतलब’, ‘बस, इतकंच’. पुण्याची आत्या हसायची, क्वचित शुद्ध करून उलट टपाली पाठवायची. यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं. याच संस्थानातल्या श्योपूरला १९१७ मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले श्रेष्ठ कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी. एका आईची दोन मुलं, दोन भाषांची.

१९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. पत्रांबद्दलच्या प्रकरणात त्यांचं नाव यावं हा योग छान आहे, कारण त्यांची आणि कवी अनिलांची लग्नाआधीची पत्रं पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आली. संमेलनाला महाराष्ट्रातून आलेली माणसं लष्करातल्या घरांत उतरली असतील, तेव्हा कित्येक वर्षं ‘बाकी समक्ष’ म्हणून साठलेलं बरंच काही मोकळं झालं असेल. कुसुमावतीबाई त्याच वर्षी नोव्हेंबरात गेल्या.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. त्याची कल्पना संस्कृत कवी आणि टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. देशाचे भौगोलिक आठ विभाग पाडले, नववा सैन्याचा. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा आणि मध्यप्रदेश यांना मिळाला ४. पुण्याचा सदाशिव पेठेचा पिन ४११०३०, लष्कराचा ४७४००१. दीडशेहून जास्त वर्षं परमुलूख म्हणून ज्याची खुशाली कळवली, तो मुलूख एका मराठी माणसाच्या हिशेबात पुण्याच्याच खणात पडला. याच सुमाराला पत्रं रोडावायला लागली होती. थेट डायल करायची पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये लखनौ-कानपूर यांच्यात सुरू झाली होती. ग्वाल्हेरच्या गल्ल्यांत पिवळ्या पाटीची एसटीडीची दुकानं दिसायला ऐंशीचं दशक यावं लागलं. तोपर्यंत ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहायची, आणि लागला की दोन्हीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ अनारसे हसले हे सांगायच्या आत तीन मिनिटं संपत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी तार, पत्र्याची पेटी किंवा पोथीत दडलेली कूपनं असतील, त्यांना एक विनंती. पत्रं तारेवरून काढताना वरून खाली क्रमाने काढा आणि तो क्रम मोडू नका. तारीख पुसट असली तरी शेजारच्या पत्रावरून वर्ष लागतं. समास कापू नका, तिकिटासाठी पाकिटाचा कोपरा फाडू नका, शिक्का त्यावरच असतो. फोटोमागे आता तरी नावं लिहा, ओळखणारं माणूस घरात आहे तोवर. आणि तळाशी मोडीतली पत्रं निघाली तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत देऊ नका. मोडी वाचणारी माणसं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत, इतरत्रही आहेत. त्यांना दाखवा. बहुधा त्यात इतकंच असेल की दिवाळी यथास्थित पार पडली.